शेषराव मिस्त्रीचा साबण

शेषराव मिस्त्रीच्या तेरवीला चिखलीत पंगत बसली होती. माझ्या शेजारी बसलेला माणूस वरणात पोळी कुस्करत म्हणाला, "देवमानूस होता." मी वाढायला आलेल्या बुंदीला हात आडवा केला. पुढं काही खाण्याची इच्छाच राहिली नाही. माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं, ही रीत मला माहीत आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत मी ती पाळतोही. शेषरावच्या बाबतीत मला ते जमणार नाही. तो देवमाणूस नव्हता. तो साधा माणूसही कधीकधीच होता.

आमचा कारखाना खामगाव रस्त्याला. कारखाना म्हणजे दोन मोठी शेडं आणि मधे अंगण. तिथं बसगाड्यांना अंग चढतं. इंजिन आणि चाकं असलेला उघडा सांगाडा येतो, त्यावर लोखंडी पिंजरा जोडतात, पिंजऱ्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा चढवतात आणि शेवटी ती गाडी माझ्याकडे येते. मी रंगारी. रंगाऱ्याचं एक असतं, आधीच्या सगळ्यांची पापं त्याच्या हाताखालून जातात. कुणी कुठं हयगय केली, कुणाचा हातोडा तिरका पडला, ते पुट्टी घासताना बोटांना कळतं. शेषरावच्या कामात मला असं काही सापडलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की मी त्याचा हात ओळखत नव्हतो. हात चांगला होता. तेवढाच चांगला होता.

गाडीच्या बाजूचे पत्रे सपाट असतात, ते कुणीही ठोकेल. खरी परीक्षा पुढच्या भागाची. काचेखालून खाली उतरणारा, दोन्ही बाजूंनी मागे वळणारा तो फुगीर भाग, त्याला आम्ही मुखडा म्हणतो. जुन्या काळी साध्या मऊ पत्र्याचे मुखडे होत. नंतर अलॉयचा, म्हणजे ॲल्युमिनियममध्ये दुसरे धातू मिसळलेला, पत्रा आला. तो मजबूत, हलका, खडा लागला तरी पोचा पडत नाही. पण थंड असताना वाकवायला जावं तर वळणावर तडकतो. त्याला तापवावं लागतं आणि गरम असतानाच साच्यावर घेऊन लाकडी मोगरीनं ठोकत ठोकत वळवावं लागतं. आता लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं. ॲल्युमिनियमचा पत्रा काही सांगत नाही. थंड असतो तसाच पांढरा, तापला तरी पांढरा, आणि जरा जास्त झालं की तसाच पांढरा असताना गळून पडतो. कमी तापवला तर तडा, जास्त तापवला तर भोक. या दोहोंच्या मधली जागा ज्याला ओळखता येते तो मुखड्याचा मिस्त्री. आमच्याकडे ती एकट्या शेषरावला ओळखता येत होती, आणि हे तो कुणाला विसरू देत नसे.

ठेंगणा माणूस. काळ्या, तेलकट, ठिणग्यांनी भोकं पडलेल्या कपड्यांच्या आमच्या घोळक्यात तो रोज पांढरा, पूर्ण बाह्यांचा, इस्त्रीचा सदरा घालून यायचा आणि संध्याकाळी तो तसाच पांढरा घेऊन घरी जायचा. आम्हा सगळ्यांना तो आमच्या खोडीनं हाक मारी. तोतऱ्या सुताराला "रेडिओ". लंगडणाऱ्या फिटरला "ठेका". मला रंगाऱ्याला "चुना". माझं नाव त्याला माहीत होतं की नाही, मला शंका आहे. जेवायला बसताना भिंतीला पाठ लावून बसायचा, डबा मांडीवर आणि झाकण आमच्या बाजूला उभं, जणू काय आम्ही त्याची भाजी डोळ्यांनी खाणार होतो. कुणी काही विचारलं की त्याचं एकच उत्तर ठरलेलं: "तुले काऊन पाह्यजे?" वेळ विचारली तरी हेच, कशाला हवी म्हणून.

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात मी त्याच्या साच्याजवळून जात होतो. खाली जमिनीवर एक पत्रा पडला होता. स्वच्छ, चकचकीत, शांत. शेषराव म्हणाला, "ए चुना, तो पत्रा उचलून बाजूले ठेव बे." मी वाकलो आणि दोन्ही हातांनी उचलला. नुकताच गॅसच्या बत्तीखालून काढलेला होता तो. माझ्या तळहातांची साल पत्र्याला चिकटून राहिली. मी ओरडलो, पत्रा टाकला, हौदाकडे पळालो. मागून त्याचा आवाज आला, अगदी शांत. "समजलं आता? हा पत्रा माह्यासारखा हाये. बोलत नाही." आणि बाकीचे हसले. मला नंतर कळलं की ते का हसले. प्रत्येकाचे हात असेच एकदा भाजले होते. नव्या माणसाला गरम पत्रा उचलायला लावायचा, ही त्यानं आमच्या शेडात पाडलेली रीत होती. माझ्यानंतर आलेल्यांना मी दुरूनच ओरडून सांगायचो, हात लावू नका. त्यावरून माझ्याशी त्याचं वाकडं आलं ते कायमचं.

मेहकरचा एक ड्रायव्हर होता, मोठा गोड माणूस. आपल्या मालकाची नवी गाडी न्यायला आला. नारळ फुटायचा होता. आमच्याकडे रीत अशी की मुखडा ज्यानं घडवला त्याच्या कपाळाला गाडीचा मालक कुंकू लावतो, मग नारळ फुटतो. शेषराव पांढऱ्या सदऱ्यात, मान ताठ करून उभा. ड्रायव्हरनं कौतुकानं मुखड्यावरून हात फिरवला आणि सहज बोलला, "मिस्त्री, डाव्या अंगाले जरासा बसल्यासारखा वाटून राह्यला का हो?" बसलेला नव्हता. मी स्वतः त्यावर रंग मारला होता, मला ठाऊक. पण शेषरावनं एवढंच सांगितलं असतं तर तो शेषराव कसला. तो आत गेला, मोगरी नाही, लोखंडी हातोडा घेऊन आला आणि रंगवलेल्या, चकाकणाऱ्या मुखड्याच्या डाव्या बाजूवर एक सणसणीत घाव घातला. वाटीएवढा खड्डा पडला. "आता बसला," तो म्हणाला. "आता खोटं नाही बोलला तू." ड्रायव्हरचं तोंड उतरलं. गाडीचे मालक कुंकवाची वाटी हातात धरून तसेच उभे. दुपारभर पुट्टी भरून, घासून, परत रंग मारून तो खड्डा मी बुजवला. ड्रायव्हर माझ्याजवळ उकिडवा बसून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "म्या काय वाईट बोललो हो?"

आता साबणाचं. पत्रा तापवायच्या आधी शेषराव आम्हाला सगळ्यांना शेडाबाहेर काढायचा. "हवा अडून राह्यली, निघा," असं म्हणून. पण रंगखाना लागूनच होता आणि मधल्या पत्र्याला फटी होत्या. त्यामुळं आम्हाला अर्धंमुर्धं माहीत होतं. तो खिशातून फडक्यात गुंडाळलेला साबणाचा तुकडा काढायचा, पत्र्यावर दोन-तीन रेघोट्या ओढायचा आणि उलट्या बाजूनं गॅसची बत्ती फिरवायचा. साबणाची रेघ हळूहळू पिवळी पडते, मग चहासारखी, मग कॉफीसारखी. त्या रंगावर तो बत्ती बाजूला करायचा आणि पत्रा साच्यावर घ्यायचा. जो पत्रा तोंडानं सांगत नाही, त्याच्या अंगावर साबण लावून त्याच्याकडून वदवून घ्यायचं, एवढीच ती युक्ती. देशभर पत्र्याची कामं करणारे लोक हे करतात म्हणे. पण सगळे साबण एकाच आचेवर करपत नाहीत. कोणता साबण, हे मर्म. शेषराव तो तुकडा रंगही दिसू नये असा मुठीत झाकून धरायचा, त्यावरचा छाप चाकूनं खरवडून काढायचा आणि काम झालं की पत्र्यावरच्या रेघा ओल्या चिंधीनं पुसून मगच आम्हाला आत बोलवायचा.

त्याचा स्वतःचा मुलगा, संतोष, दोनदा शिकायला म्हणून आला होता. मोठा झालेला पोरगा, समजूतदार. पहिल्या दिवशी मोगरी हातात दिली आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर काढून घेतली. "तुह्यानं नाही होत. जाय, जीप चालव." संतोष गेला आणि खरोखर जीप चालवू लागला. चिखली ते दुसरबीड, माणसं कोंबून. मुलाच्या हातात न जाणारी विद्या दुसऱ्याच्या हातात कशी जाणार होती?

आणि मग गजानन.

गजानन आमचा वेल्डर. जानेफळचा. आधी काही वर्षं पुण्याकडे चाकणला होता, मोठ्या कंपनीत. बायको सुनीता जानेफळलाच अंगणवाडी सेविका. तिची नोकरी गावाला बांधलेली, त्याची पुण्याला. एका दिवाळीला तो घरी आला तेव्हा त्याच्या तीन वर्षांच्या पोरीनं दारातून आत आईला हाक मारून सांगितलं, "आई, एक काका आले." गजाननला ते फार लागलं. दिवाळी झाली आणि तो चाकणला गेलाच नाही. कमी पगारावर आमच्याकडे लागला. रोज सकाळच्या एसटीनं जानेफळहून यायचा, संध्याकाळी परत. डब्यात घरचं, कधी तुरीच्या उकडलेल्या शेंगा, आणि आल्याबरोबर सगळ्यांना वाटायचा. शेषरावलाही. शेषराव त्या झाकणाआड बसून खायचा.

बरं चाललं होतं. मग एक दिवस कारखान्याच्या मालकानं सांगितलं की लोखंडी पिंजरे आता जालन्याहून तयार जोडूनच येणार, वेल्डरांची गरज राहणार नाही. पण नव्या महामार्गालगत दुसरबीडजवळ दुसरं शेड काढायचं आहे, तिथं मुखड्याला माणूस लागेल. "गजानन, तू मुखडा शिकलास तर ते शेड तुह्यं. नाही तर मी कुठं ठेवू तुले?" मालक वाईट नव्हता, पण त्याचं मन कधी कारखान्याच्या फाटकाबाहेर जात नसे. गजाननपुढं सरळ दोन वाटा होत्या. मुखडा जमला तर घरी राहायचं. नाही जमला तर परत पुणं, आणि परत पोरीचा काका व्हायचं. हे तो मला माझ्या रंगाच्या डब्यावर बसून बोलला होता. "म्या आता पोरीपासून दूर नाही जात, भाऊ. पत्रा काय, दगड वाकवीन."

मालकानं शेषरावला शिकवायला सांगितलं. आम्हाला वाटलं, हा आता भडकणार. तो अजिबात भडकला नाही. "हाव, शिकवतो की," म्हणाला. इतका गोड मी त्याला कधी पाहिला नव्हता. तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण सगळे खूष होते, मीही झालो. मोगरी कशी धरायची, ठोका आतून बाहेर की बाहेरून आत, रेतीच्या गोणीवर पत्रा कसा फिरवायचा, गार पडत चालला की ठोक्याचा आवाज कसा बदलतो, हे सगळं त्यानं गजाननला नीट शिकवलं. खरं सांगतो, नीट शिकवलं. आणि गजाननचा हात बघता बघता बसला. पहिल्या आठवड्यात ठोके ठसे सोडत होते, पुढं पुढं माझ्या बोटांना ठसे लागेनासे झाले. मी त्याला तसं सांगितलं. शेषराव तिथंच उभा होता.

सगळ्यात शेवटी त्यानं आच शिकवली. गजाननला एकट्याला आत घेतलं, मला फटीतून दिसलं. खिशातून काढून त्यानं एक वडी दिली. निळी. कपडे धुण्याच्या साबणाची, दुकानात मिळते ती साधी निळी वडी. "याची रेघ कॉफीवानी झाली की पत्रा काढजो. त्याच्या आधी नाही." आणि सरावासाठी त्यानं स्वतः पत्रा निवडून दिला, जुन्या मोडलेल्या गाडीचा. गजाननानं तापवला, रेघ पुष्कळ वेळानं रंगली, पत्रा टिकला, वळला. गजानन शेषरावच्या पाया पडला. मी पाहिलं ते. शेषरावनं त्याच्या डोक्यावर हातही ठेवला.

त्या जुन्या गाडीचा पत्रा साधा होता, अलॉयचा नव्हता. साधा पत्रा जास्त आच सोसतो. निळ्या वडीची रेघ फार उशिरा रंगते. साध्या पत्र्यावर तेवढा उशीर चालून जातो, अलॉयच्या पत्र्यावर चालत नाही. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. एकाला होतं.

परीक्षेच्या दिवशी अंगणात सगळे जमले. एका शाळेच्या बसचा मुखडा होता. मालक होता, शाळेचे दोघे-तिघे आले होते, चहा झाला होता. नवा करकरीत अलॉयचा पत्रा. शेषरावनं त्या दिवशी कुणाला बाहेर काढलं नाही. उलट म्हणाला, "पाहू द्या की सगळ्याइले." तो हात मागे बांधून, पांढऱ्या सदऱ्यात, साच्याच्या पलीकडे उभा राहिला.

गजाननानं रेघा ओढल्या. बत्ती लावली. आच सारखी फिरवत होता, जशी शिकवली होती तशी. रेघ पांढुरकी निळीच राहिली. पत्र्याचा रंग बदलला नाही, तो बदलतच नाही. गजानन रेघेकडे बघत होता, आम्ही सगळे रेघेकडे बघत होतो, आणि शेषराव एकटा पत्र्याच्या कडेकडे बघत होता. मला कडेवर घाम आल्यासारखी चकाकी दिसली. मी तोंड उघडेपर्यंत पत्र्याचा मधला भाग ओल्या पापडासारखा खाली बसला, लोंबला आणि जमिनीवर थेंब पडले. मधोमध ताटाएवढं भोक.

बत्ती तशीच फुरफुरत होती. गजाननानं ती बंद केली आणि शेषरावकडे पाहून म्हणाला, "भाऊ, रंग तर आलाच नाही."

शेषराव म्हणाला, "रंग पाह्याले नजर लागते."

शाळेचे लोक मालकाकडे बघायला लागले. मालकानं दुसरा पत्रा दिला नाही. त्या आठवड्याच्या शेवटी गजाननानं आपला वेल्डिंगचा मुखवटा आणि डबा पिशवीत भरला, प्रत्येकाला भेटला, शेषरावलाही वाकून नमस्कार केला आणि पुण्याला गेला. मी आयुष्यात पुष्कळ लोकांना निरोप दिला आहे. इतकं वाईट कधी वाटलं नाही, आणि तेव्हा तर मला खरं काय ते कळलंही नव्हतं.

कळलं ते शेषरावच्याच तोंडून. त्याला लपवायचं नव्हतंच. काही दिवसांनी दुपारच्या जेवणात ठेका फिटर हळहळत म्हणाला, गजाननचा हात चांगला होता, आचेनं घात केला. शेषराव झाकणाआडून हसला. "आचेनं काय बे, निळ्या वडीनं. अलॉयले निळी वडी चालते का? म्या सांगतलं अन् त्यानं ऐकलं." आणि भाकरीचा तुकडा मोडला.

मी उठलो. डबा तसाच ठेवून मालकाच्या खोलीत गेलो आणि ऐकलं ते शब्दन् शब्द सांगितलं. मालक टेबलावरचं पेन इकडून तिकडं सरकवू लागला. मग म्हणाला, "मुखडा सध्या त्यालेच बनवता येते ना? मग म्या काय करू, तूच सांग." दुसरबीडचं शेड पुढं निघालंच नाही. मी बाहेर आलो तर शेषराव दारात उभा. "सांगून आला का, चुना?" त्याच्या आवाजात रागही नव्हता. त्या दिवसानंतर मी त्याच्याशी कामापुरतंही बोललो नाही. त्याला त्याचं काही वाटलं नाही, हे सगळ्यात वाईट.

मी गजाननला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मले समजलं होतं, भाऊ. इथं येऊन म्या अलॉयच्या तुकड्यावर दुकानातले सगळे साबण घासून पाह्यले." मग मला न विचारता त्यानं खरा साबण सांगून टाकला. धुण्याचा पिवळा, तेलाचा, जो कोणत्याही खेड्यातल्या दुकानात मिळतो. "कोनी विचारलं तर सांगजा. त्यात लपवासारखं काय हाये?" मागून कुणाच्या तरी खोलीतला टीव्ही ऐकू येत होता. मी पोरीचं विचारलं. म्हणाला, फोनवर बोलते, आता बाबा म्हणते. बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

पुढं दोनेक वर्षांत फायबरचे मुखडे आले. बाहेरगावहून तयार साच्यातून निघालेले, ट्रकमधून उतरवायचे आणि बोल्ट मारून बसवायचे. तापवणं नाही, ठोकणं नाही, मिस्त्री नाही. शेषरावची मोगरी खुंटीला लागली. ज्या मर्मासाठी त्यानं एका माणसाचा संसार दोन गावांत फाडला, ते मर्म असं कुणी न विचारता निकामी झालं. मला याचा आनंद झाला. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला. पण त्यातून गजानन काही परत आला नाही.

मालकानं शेषरावला फाटकावर बसवला. पांढरा सदरा तसाच. आत येणाऱ्याला अडवून विचारायचा, "तुले काऊन जायचं आतमधी?" एकदा मी सायकल ढकलत बाहेर पडत होतो, तर त्यानं मला थांबवलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा.

"गजाननचा नंबर हाये का तुह्यापाशी?"

"कायले पाह्यजे?"

"संतोषची जीप बंद पडली. पोरगं घरी बसून हाये. गजानन तिथं आता मोठ्या हुद्द्यावर हाये म्हनतात. तो लावून घेईन त्याले."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. लाज, संकोच, यातलं काहीच त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. "कोणत्या तोंडानं फोन करान त्याले?" मी विचारलं.

"त्याचा हात माह्यापेक्षा बरा होता," शेषराव म्हणाला. "म्हनून तर तसं केलं ना. वाईट असता तर शिकवला असता की." त्याला वाटत होतं, हे कारण ऐकल्यावर माझा राग जाईल.

मी नंबर दिला नाही. तर हा गडी एसटीत बसून थेट जानेफळला गेला, अंगणवाडी शोधून काढली आणि लेकरांना खिचडी वाढत असलेल्या सुनीताकडे नंबर मागितला. तिनं त्याला बसायला सतरंजी दिली, पाणी दिलं आणि नंबरही दिला. आठवड्याभरात मला गजाननचा फोन. "शेषरावभाऊच्या पोराले इथं लावून घेऊन राह्यलो. माह्या हाताखाली."

मी चिडलो. तोंडाला येईल ते बोललो. काऊन, म्हटलं, त्या माणसानं तुझं वाटोळं केलं. गजाननानं मला बोलू दिलं आणि मग म्हणाला, "पोरानं काय निळी वडी देल्ली होती का मले?" माझा राग मात्र गेला नाही, तो अजूनही आहे.

शेषरावला मी शेवटचं पाहिलं ते चिखलीच्या एसटी स्टँडवर, पुण्याच्या गाडीपाशी. मी माझ्या मेव्हण्याला सोडायला गेलो होतो. संतोष खिडकीत बसला होता, मांडीवर बॅग, वयाच्या मानानं केस लवकर पिकलेले. शेषराव खाली उभा. आजारानं खंगला होता, सदरा खांद्यांवरून लोंबत होता, पण पांढराच. त्यानं टाचा उंचावून खिडकीची सळई धरली होती. मुलाला डबा खाऊन घे, पाणी पी, असलं काही त्याच्या तोंडून येत नव्हतं. कंडक्टरनं दार ओढलं, गाडी सुरू झाली, तेव्हा तो बोलला. गाडीच्या आवाजातही ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलला, त्यामुळं मलाही ऐकू आलं.

"गजानन जे सांगन ते तसंच करजो. इचारत नको बसू. तो खोटं सांगत नाही."

गाडी हलली. सळई हातातून सुटली तसा तो वळला आणि त्याला मी दिसलो. तो आत्ता काय बोलला ते मी ऐकलं, हे त्याला कळलं. त्यानं मान खाली घातली नाही, फिरवलीही नाही. सरळ माझ्याकडे बघत उभा राहिला. शेवटी मीच मान फिरवली.